म्हाताऱ्या मेंढीचं फुफ्फुस

सादिरकुलच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. साझ-बुलाकचं निम्मं गाव तर होतंच, शिवाय शेजारच्या दोन गावांतून लोक घोड्यांवर आणि मोटारींतून आले होते. एक कुटुंब तर गवताच्या ट्रॅक्टरवर बसून आलं होतं. ऑक्टोबर लागला होता, कळप वरच्या कुरणांवरून खाली उतरले होते, आणि काम संपलेल्या माणसांना चमत्कार बघायला वेळच वेळ असतो.

मधोमध बाकावर तुर्गुनबाय मेंढपाळ उघड्या अंगाने कुडकुडत बसला होता. साठीचा गडी, पण उजव्या बरगडीखाली दोन वर्षांपासून गोळा. त्याच्यासमोर झुमाकादीर ताबीप उभा होता. ताबीप म्हणजे वैद्य. निदान तो स्वतःला तसं म्हणवून घेत होता. त्याने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले.

"बाह्या बघा. नखं बघा. ज्याच्या मनात शंका असेल त्याने पुढे यावं, ज्याच्या मनात पाप असेल त्याने मागे राहावं."

आता असं म्हटल्यावर कोण पुढे येणार आणि कोण मागे राहणार? सगळे होते तिथेच राहिले.

तुर्गुनबायच्या घरची म्हातारी मेंढी नुकतीच कापली होती. ताबीपाने तिचं फुफ्फुस स्वतःच्या हाताने बाहेर काढलं, श्वासनळीत बोरूची नळी खुपसली आणि गाल फुगवून फुंकायला लागला. बघता बघता ते गुलाबी, तुकतुकीत फुगलं. त्याने ते उंच धरून गर्दीभर फिरवलं.

"दिसतोय एखादा डाग? एखादा फोड?"

"नाही," लोक म्हणाले.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"नाही," लोक ओरडले.

मग बाटली निघाली. डोंगरातल्या रानओव्याचं आणि कडू दवण्याचं तेल. त्याच्या वासाने पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताबीपाने ते तुर्गुनबायच्या पोटावर ओतलं आणि कणीक तिंबावी तसं पोट तिंबलं.

"दुखतं?"

"दुखतं हो."

"दुखणारच. किड्याची झोपमोड झालीय. आता तो घर शोधणार." एवढं बोलून त्याने फुफ्फुस उचललं आणि तुर्गुनबायच्या खांद्यावर, पाठीवर, पोटावर थापट्या मारायला सुरुवात केली. "नीघ पाण्या, नीघ किड्या, मेंढीच्या छातीत घर बघ, माणसाचं घर रिकामं कर!"

आजाऱ्याला ताज्या फुफ्फुसाने मारायचं, म्हणजे आजार त्यात उतरतो, ही रीत आमच्या आजे-पणज्यांपासूनची. पण आजार उतरलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. झुमाकादीर तो दाखवत होता. त्याने सुरी घेतली, फुफ्फुस मधोमध चिरलं, आणि आतून कोंबडीच्या अंड्याएवढा पांढरा फोड डोकावला. सुईने टोचताच स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडाली. फोन धरलेले पन्नास हात एकदम पुढे झाले. तुर्गुनबाय हुंदके देत ताबीपाच्या हाताचं चुंबन घ्यायला लागला. आमच्या खोऱ्यात पाण्याचा फोड म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चार घरांमागे एकाच्या पोटावर त्या ऑपरेशनचा वण आहे.

फाटलेलं फुफ्फुस ताबीपाने कुत्र्यांपुढे भिरकावलं. "आजार आता कुत्र्याच्या पोटात गेला. तिथेच मरणार." आणि मग तो गालिच्याकडे वळला, जिथे मानाच्या जागेवर सायराकान बसली होती. "माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी अडाणी माणूस. डॉक्टरीणबाईंना विचारा. हे तेल किडा मारतं की नाही, हे त्यांनीच तुम्हाला काचेखाली दाखवलंय."

सगळं अंगण सायराकानकडे बघायला लागलं. तिने चहाची वाटी तोंडाला लावली, आणि वाटीच्या आडून होकारार्थी मान हलवली.

सायराकान डॉक्टर नव्हती. ती गावच्या दवाखान्यातली फेल्डशर, डॉक्टरच्या एक पायरी खालची. वीस वर्षं ती एकच गोष्ट सांगत आली होती: जनावर कापलं की फोड असलेलं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला घालू नका, खोल पुरा, कुत्र्याच्या पोटात त्याच फोडातून किडे होतात, किड्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात पडतात, अंगणातून पोरांच्या हाताला लागतात, हातातून तोंडात, आणि मग माणसाच्या पोटातही तसाच फोड धरतो. वीस वर्षं लोक "हो हो" म्हणत होते आणि कुत्र्यांना फुफ्फुसं घालत होते.

या वसंतात ती राजधानीत एका शिबिराला गेली होती. तिथे एका तरुण संशोधक बाईने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की रानओव्याच्या तेलाने फोडातल्या किड्यांची पिल्लं मरतात. त्या बाईने तिथल्या तिथे हेही सांगितलं होतं की ही फक्त सुरुवात आहे, औषध व्हायला अजून कितीतरी वर्षं लागतील, आणि कदाचित होणारही नाही. सायराकानने ते वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघसुद्धा ओढली होती.

गावी परतल्यावर तिने शाळेचा सूक्ष्मदर्शक मागून घेतला, मेंढीच्या फोडातलं पाणी काचेवर घेतलं आणि गावाला बोलावलं. लोक रांग लावून आले. भिंगातून वाळूच्या कणांसारखी पिल्लं वळवळताना दिसत होती. तिने तेलाचा थेंब सोडला. वीस मिनिटांत सगळं थंड. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सायराकानसाठी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, "म्हणजे हे तेल लावलं की फोड जाणार?" तेव्हा तिने "नाही" म्हणायला हवं होतं. ती हसली आणि म्हणाली, "बघू, एक दिवस जाईलही." रेघ ओढलेलं वाक्य वहीतच राहिलं. खिडकीपाशी उभा राहून एक अनोळखी माणूस हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. तो झुमाकादीर होता.

त्यानंतरच्या सतरा अंगणांत सायराकानला मानाने गालिच्यावर बसवलं गेलं. पहिल्या वेळी ती गोंधळली म्हणून गप्प बसली. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळी गप्प बसली होती म्हणून गप्प बसली. पुढची मोजदाद करायचीही तिला लाज वाटे. फोड मेंढीचाच असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तो येतो कुठून, हे तिला उमगत नव्हतं. फुगवलेलं फुफ्फुस तिनेही डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते स्वच्छ होतं. हातचलाखी असेल म्हणून सतरा वेळा तिची नजर त्याच्या बाह्यांवर होती. बाह्यांत काही नव्हतं.

बुधवारी दवाखान्यात उलकान आली. सायराकानच्या थोरल्या भावाची, सादिरकुलची सून. वय चोवीस, नवरा रशियात बांधकामावर, पदरात तीन वर्षांची मुलगी. तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, मुठीएवढा फोड होता. चार महिने राजधानीच्या दवाखान्याचे उंबरे झिजवून सायराकानने तिच्या ऑपरेशनची तारीख मिळवली होती: येता सोमवार.

"आत्या, हा कागद घे परत," उलकान म्हणाली. "तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

"का? काय झालं?"

"शनिवारी माझ्यावर फुफ्फुस मारणार आहेत. मामंजींनी मेंढी बाजूला काढलीय. तेल दोनदा चोळून झालंय."

सायराकान तिच्याजवळ आली. "कुणी चोळलं? कुठे?"

"ताबीपांनी. इथे." तिने बरगडीखाली हात ठेवला. "त्या दिवसापासून जरा दुखतंय. ते म्हणाले, किडा जागा झालाय."

"उलकान, ऐक माझं. त्या तेलाने काहीही होणार नाही."

"तू तर शाळेत दाखवलंस."

"ते काचेवर. काचेवर तेल किड्याला थेट लागतं. तुझ्या पोटात किडा जाड कातडीच्या फोडात आहे, फोड काळजात, काळीज बरगड्यांच्या आत. कातडीवर चोळलेलं तेल तिथवर पोचेपर्यंत काय शिल्लक राहणार? आणि किडा मरेल एवढं तेल प्यालीस तर आधी काळीजच खराब होईल. शिवाय असा फोड दाबताना आतल्या आत फुटला तर माणूस जागच्या जागी जातो."

उलकानने विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं," सायराकान म्हणाली. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"मग तुर्गुनबायकाकांच्या वेळी मान का हलवलीस?"

सायराकानने टेबलावरची वही मिटली.

"सगळे ताबीपाकडे बघत होते ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते, आत्या. म्हटलं, आत्या उठली की मीही उठेन. तू चहा पीत राहिलीस." उलकानने कागद टेबलावर ठेवला. "तेव्हा खरी होतीस की आता खरी आहेस, हे मला अडाणीला कसं कळायचं?"

ती गेली. सायराकानने तो कागद घडी करून खिशात ठेवला. आपल्या एका होकाराला कुणाचा जीव टांगलेला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि आलं नव्हतं याचीच तिला सगळ्यांत जास्त शरम वाटत होती.

त्याच दुपारी ती झुमाकादीरकडे गेली. तो तूप लावलेल्या रोटीचा तुकडा चहात बुडवत बसला होता.

"या, या, बाई. अशा उभ्या का?"

"माझ्या भाचसुनेच्या अंगाला हात लावायचा नाही."

"मी कुठे हात लावतो? तेल लावतो. तेल तुमचं, विद्या तुमची." त्याने बाटली तिच्यापुढे धरली. बाटलीवर आता कागद चिकटवलेला होता आणि कागदावर तिचा शाळेतला फोटो: सूक्ष्मदर्शकामागे हसणारी सायराकान. "बघा, किती छान आलाय."

"मी लोकांना सांगेन."

"खुशाल सांगा. पण एवढं आधी सांगा की सतरा वेळा गालिच्यावर बसून माझ्या शेजारी चहा का प्यालात. मी खोटा तर तुम्ही कोण? आपण एकाच माळेचे मणी आहोत, बाई. बसा, चहा घ्या."

ती बसली नाही. आली तशी परत फिरली. तो माणूस लबाड होता, आणि या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं.

गुरुवारी ती नाल्याकाठी ताजीकान आपाकडे गेली. ताजीकान सत्तरीची, तोंडाची फटकळ. लग्न असो, बारसं असो, दुधाने भरलेलं फुफ्फुस हा मानाचा पदार्थ शिजवावा तर तिनेच. आताही तिच्या घरी नातवाच्या पाळण्याच्या जेवणाची तयारी चालली होती. तिने बाह्या वर करून कोकराचं फुफ्फुस मांडीवर घेतलं होतं आणि श्वासनळीतून पळीपळीने दूध ओतत होती. फुफ्फुस हळूहळू पांढरं होऊन फुगत होतं.

सायराकान दगडावर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. शाळा, टाळ्या, गालिचा, उलकान. ताजीकान दूध ओतत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "टाळ्यांची हौस वाईट," आणि पुन्हा ओतायला लागली.

"आपा, फोड तो आणतो कुठून? मी त्याच्या बाह्यांवरून नजर हटवली नाही."

"बाह्या कशाला बघायच्या? मेंढी बघ ना." ताजीकानने पळी खाली ठेवली. "तो कोणती मेंढी मागतो?"

"म्हातारी. पाच-सहा हिवाळे काढलेली. म्हणतो, कोकराच्या फुफ्फुसाला आजार पेलवत नाही."

"आणि मी कोणतं घेते?"

सायराकानने तिच्या मांडीकडे पाहिलं. यंदाचं कोकरू.

"म्हातारीचं फुफ्फुस मी कधीच भरत नाही. त्यात गाठी असतात, दूध पुढे सरकत नाही. दोन म्हाताऱ्या मेंढ्या कापल्या तर एकीत सापडतातच. पन्नास वर्षं हे हात तेच करतायत."

"पण तो फुगवून दाखवतो. स्वच्छ दिसतं."

"वारा भरला की सगळंच स्वच्छ दिसतं. मांस फुगतं, फोड आत बुडतो. रिकामं फुफ्फुस हातात दे, डोळे बांध माझे, कुठे किती ते सांगते. त्याने ते काढतानाच चाचपलेलं असतं. म्हणून तर स्वतः काढतो. गाठ वरच दिसली की म्हणतो मेंढी रुसली, दुसरी आणा. काहीच नसलं की म्हणतो आजार अजून पिकला नाही, पुढच्या आठवड्यात बघू. म्हणाला की नाही?"

म्हणाला होता. दोनदा, तीनदा. सायराकानने ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"मग आपा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी? पुरुष तिकडे चमत्कार बघतात, आम्ही इकडे नाल्यावर आतडी धुतो." मग आवाज जरा उतरवून ती म्हणाली, "आणि खरं सांगू? मलाही वाटायचं, होत असेल काहीतरी. तू बसलेली असायचीस ना तिथे."

शनिवारी पुन्हा सादिरकुलचं अंगण भरलं. बाकावर उलकान बसली होती, अंगावर शाल, चेहरा पांढराफटक. तिची मुलगी आजोबांच्या कडेवर होती. गालिचा अंथरलेला होता, पण सायराकान त्यावर बसली नाही. मेंढी कापली गेली, ताबीपाने फुफ्फुस काढलं, बोरूची नळी ओठांना लावली, तेवढ्यात ती पुढे झाली.

"थांबा. फुंकू नका."

"डॉक्टरीणबाई काही बोलणार आहेत," ताबीप गोड आवाजात म्हणाला. "ऐका, ऐका."

"मी वसंतात तुम्हाला अर्धंच सांगितलं," सायराकान म्हणाली. "तेलाने किडा मरतो तो काचेवर. माणसाच्या पोटात मरतो असं अजून कुणीही दाखवलेलं नाही. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मला बरं वाटलं, मी गप्प बसले. पुढे सतरा वेळा गप्प बसले. ज्यांनी माझ्याकडे बघून विश्वास ठेवला त्यांना मी फसवलं."

अंगणात कुजबुज झाली. सादिरकुलचे कान लाल झाले. "सायरा, चारचौघांत आपल्याच घराचं नाक कापतेस? खाली बस."

"कापू दे, दादा. आधीच कापायला हवं होतं. फक्त एक गोष्ट करू दे. हे फुफ्फुस अजून कुणाला लावलेलं नाही. फुंकायच्या आधी ताजीकान आपाच्या हातात द्या."

"बायकांचा हात लागला की फुफ्फुस विटाळतं," ताबीप म्हणाला.

"याच हातचं दूध भरलेलं फुफ्फुस काल तीन वाट्या चापलंस," ताजीकान गर्दीतून वाट काढत म्हणाली. तिने बगलेत एक झाकलेलं टोपलं धरलं होतं. "तेव्हा नाही विटाळलं ते? इकडे आण."

लोक हसले. त्या हसण्यात ताबीपाची पकड ढिली झाली आणि सादिरकुलनेच फुफ्फुस त्याच्या हातातून काढून घेतलं. रागाने म्हणा, उत्सुकतेने म्हणा. त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. ताजीकानने डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढला आणि ते लोंबतं, रिकामं मांस बोटांनी चाचपायला लागली.

"डाव्या पाळीत खाली एक, जर्दाळूएवढा. उजवीकडे दोन. एक मोठा, त्याला चिकटून एक बारका. एकूण तीन. अजून या पोरीला फुफ्फुसाची एकही थापटी लागलेली नाही, हं. सादिरकुल, चीर."

सादिरकुलने चिरलं. डावीकडे एक निघाला. उजवीकडे मोठा, आणि मोठ्याला चिकटून बारका.

फोन धरलेले हात हळूहळू खाली आले.

पण ताबीप कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बघितलंत माझ्या तेलाची ताकद?" तो ओरडला. "दोनदा चोळलं तर आजार आपणहून मेंढीत गेला. थापटीची गरजच उरली नाही."

क्षणभर गर्दी त्याच्याकडे झुकली. सायराकानला ते दिसलं. ताजीकानने टोपल्यावरचं फडकं काढलं. "हे आमच्या घरचं. काल पाळण्याच्या जेवणाला म्हातारी मेंढी कापली तिचं. आमच्याकडे कुणी आजारी नाही, काल सगळे पोटाला तडस लागेपर्यंत जेवलेत. तेल कुणाला लावलेलं नाही. यात दोन आहेत. हेही चीर."

त्यातही दोन निघाले.

"आता सांग रे ताबीपा," ताजीकान म्हणाली, "हे दोन कुणाचे? पाळण्यातल्या पोराचे?"

झुमाकादीर बोलत होता अजून. मेंढीची नजर, बायकांची सावली, आठवड्याचा अशुभ वार. पण आता त्याचे शब्द कुणी ऐकत नव्हतं. त्याने बाटल्या पिशवीत भरल्या. जाता जाता तो सायराकानजवळ थांबला. "तुम्हीही वाटेकरी होता, बाई."

"हो, होते," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

मेंढीच्या अंगातला फोड मेंढीचाच होता. यापलीकडे त्या चमत्कारात काही नव्हतं. प्रत्येकाने आयुष्यात शंभर मेंढ्या कापलेल्या होत्या. कुणीही आधी चाचपून बघू शकला असता, कुणीही निरोग्या घरची मेंढी चिरून बघू शकला असता. कुणी बघितलं नाही, कारण बघायचं काम दुसरं कुणीतरी करतंय असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि ते दुसरं कुणीतरी गालिच्यावर बसून चहा पीत होतं.

कुत्री टोपल्याभोवती घोटाळायला लागली होती. सादिरकुलने एका लाथेत त्यांना हुसकावलं, फावडं घेतलं आणि अंगणाच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणला. दोन्ही फुफ्फुसं पुरून झाल्यावर त्याने माती पायाने दाबली, नातीला कडेवरून उतरवलं आणि तिचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले.

उलकान बाकावरून उठली. "तो कागद अजून आहे तुझ्याकडे?"

सायराकानने खिशातून काढून दिला.

"सोमवारी तू माझ्याबरोबर यायचंस," उलकान म्हणाली. "फोड दोनदा रगडून कसा घेतला, असं डॉक्टर विचारतील ना, तेव्हा उत्तर तू द्यायचंस. मी देणार नाही."

"देईन."

आणि तिने दिलं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि एवढंच म्हणाले की फोडाची एक बाजू पार पातळ झालीय, अजून एकदा रगडला असता तर या मुलीला इथवर आणायची वेळच आली नसती. ते रागावले असते तर बरं, असं सायराकानला वाटलं. उलकान वाचली. पण ती आपल्यामुळे वाचली, असं सायराकानने कधी कुणाला सांगितलं नाही.

ती गावी परतली त्या सकाळी दवाखान्याच्या दारात माणसं बसली होती. सतराजण. ज्यांच्या ज्यांच्या अंगावर फुफ्फुस मारलं होतं ते सगळे. पुढे तुर्गुनबाय, हात उजव्या बरगडीखाली.

"म्हणजे माझा अजून आतच आहे?" त्याने विचारलं.

"हो, काका. आतच आहे."

"उन्हाळ्यात तपासणीला यायचं होतं मला. ताबीप आला म्हणून राहिलो."

"माझ्यामुळे राहिलात," सायराकान म्हणाली. "उद्या गाडी करून आपण सगळे तपासणीला जाऊ. कुणाला गोळ्या लागतील, कुणाला ऑपरेशन. माझ्यावर विश्वास आहे म्हणून येऊ नका. तिथे डॉक्टर जे दाखवतील ते स्वतः बघा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. आधी काय होतं, नंतर काय झालं, हे विचारा. ज्याला काही केलं नाही त्याचं काय झालं, तेही विचारा. कुणी रागावलं तरी विचारा. मलाही विचारा."

तुर्गुनबाय उठून पुढे आला.

"मग आताच विचारतो," तो म्हणाला. "ते तेल. एक दिवस तरी त्याचं औषध होईल का?"

सतराजण तिच्याकडे बघत होते. होईल म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तिलाही वाटलं असतं.

"मला माहीत नाही," सायराकान म्हणाली, आणि तिने पहिलं नाव लिहायला वही उघडली.